आधी पाय

"बाबा, हात सोडा आता त्यांचा," चिगुसा म्हणाली. "इथून पुढं बायकांची न्हाणी आहे."

तोकुजींनी हात सोडला नाही. समोर बायकांचा लाल पडदा, शेजारी पुरुषांचा निळा पडदा, मध्ये तोकुजी, त्यांची बायको फुसाए आणि सून चिगुसा. मागे मुलगा यासुहिको खांद्यावर पंचा टाकून जांभया देत उभा. ताकिनोयुच्या त्या डोंगरातल्या सराईत संध्याकाळची आंघोळ उरकून जेवायला बसायची सगळ्यांचीच घाई चालली होती, आणि येणारे-जाणारे पाहुणे या चौघांना वळसा घालून, माना लववत पुढे जात होते. फुसाए मजेत होती. नवऱ्याचा हात धरून ती पडद्याची झुळझुळ बघत होती.

"तिला लगेच थंडी भरते," तोकुजी म्हणाले.

"हो."

"आणि साबण डोळ्यांत गेला तर..."

"बाबा, आईंना आंघोळ कशी घालता ते आठ दिवस विचारतेय मी. आज गाडीतही विचारलं. तेव्हा का नाही सांगितलं?"

गाडीत तोकुजी म्हणाले होते, "हाताला कळतं ते. सांगून येत नाही." एवढं बोलून ते खिडकीबाहेरची केशरी फळांनी लगडलेली पर्सिमनची झाडं बघत बसले होते. आयुष्यभर लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवलेला माणूस. हाताखालच्या पोरांनाही ते हेच उत्तर देत आले होते, आणि त्यांतली निम्मी पोरं काम न शिकताच पळाली होती.

पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी फुसाएला विसर पडू लागला. आधी गॅस, मग शेजाऱ्यांची नावं, मग घराचा रस्ता. शेवटी आंघोळ कशी करायची हेच ती विसरली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तोकुजीच तिला न्हाऊ घालत. दुसऱ्या कुणाला ती अंगाला हात लावू देत नसे. वृद्धांच्या एका केंद्रात तिला दिवसभर ठेवून पाहिलं, तर आंघोळीच्या वेळी तिथल्या दणकट बाईच्या मनगटाला ती कडकडून चावली. तोकुजी माफी मागायला गेले. बाईंपुढे कंबरेत वाकले, भेटीचा डबा दिला, आणि घरी येताना वाटेत, लाज वाटावी इतके खूश झाले.

आता मात्र गाडं अडलं होतं. जन्मभर ओल्या जमिनीवर टेकून टेकून दोन्ही गुडघे कामातून गेले होते. शस्त्रक्रियेची तारीख तोकुजींनी दोनदा पुढे ढकलली होती. तिसरी तारीख डिसेंबरची होती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता ढकललीत तर मग काठी घेऊनसुद्धा चालणं विसरा. म्हणजे पाच आठवडे रुग्णालयात. मग पाच आठवडे फुसाएला आंघोळ कोण घालणार?

"मी," चिगुसा म्हणाली होती. ती औषधांच्या दुकानात काम करायची, हळू आवाजात बोलायची, आणि लग्नाला सोळा वर्षं होऊनही सासऱ्यांसमोर चहाचा पेला ठेवताना आवाज होऊ द्यायची नाही. तिने घरी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा फुसाए ओरडली, आणि दोन्ही वेळा तोकुजी दारातच उभे असल्यामुळे लगेच आत धावले. तेव्हा ही सहल चिगुसानेच ठरवली. सासूबाईंना गरम पाण्याच्या झऱ्यांची पहिल्यापासून हौस, हे एक कारण. दुसरं कारण तिने नवऱ्याला सांगितलं आणि यासुहिकोने, पोटात काही राहत नसल्यामुळे, बापाला: "तिथं बायकांच्या न्हाणीत बाबांना येताच येणार नाही."

जमलं नाही तर गुडघे गेले. आणि जमलं तर? हा प्रश्न तोकुजींनी कुणापुढे काढला नव्हता. रोज संध्याकाळचा आंघोळीचा पाऊण तास सोडला, तर दिवसभरात फुसाएला त्यांची तशी काहीच गरज पडत नव्हती.

"चला आई," चिगुसाने दुसरा हात धरला.

फुसाएने नवऱ्याकडे पाहून मान लववली, जशी टपालवाल्याला बघून लववावी तशी, आणि ती लाल पडद्याआड गेली.

पुरुषांच्या न्हाणीत वाफ कोंदली होती, गंधकाचा वास नाकात भरत होता. तोकुजी बुटक्या स्टुलावर बसले आणि सवयीने त्यांनी भिंतीवरच्या फरशांवरून बोट फिरवलं.

"सांधे वाकडे," ते म्हणाले.

"बाबा, आंघोळ करा," यासुहिको म्हणाला.

कुंडात तिघेचौघे डोक्यावर पंच्याच्या घड्या ठेवून गळ्यापर्यंत बुडाले होते. त्यांतला एक लालबुंद, गोलमटोल म्हातारा मघापासून सगळ्यांना माहिती देत होता, की तो नीगाताचा तांदळाचा व्यापारी आहे, दरवर्षी इथे येतो, आणि इथल्या पाण्याने त्याची कंबर सुधारली. तोकुजींचं लक्ष नव्हतं. बायकांची बाजू भिंतीपलीकडेच होती, आणि भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. वरची हातभर जागा मोकळी होती. तिथून बादल्यांचे आवाज येत होते.

आणि मग फुसाएची किंकाळी आली.

"नको! नको! कोण गं तू? सोड मला!"

तोकुजी ताडकन उभे राहिले. गुडघ्यांतून कळ गेली.

"आई, मी चिगुसा. नुसतं पाणी आहे, बघा, कोमट आहे..."

"मारतेय मला! अहो, बघा ना!"

"बाबा, बसा खाली," यासुहिको कुजबुजला. "आत जाता येणार नाही तुम्हाला."

"ते कळतं मला."

कुंडातली बोलणी थांबली होती. पलीकडे काहीतरी आपटलं, बहुतेक लाकडी बादली. चिगुसाचा आवाज आता रडवेला झाला होता. तोकुजी भिंतीला तळवा टेकून उभे होते. गप्प राहिलं की झालं, एवढंच त्यांना करायचं होतं. आणखी दोन मिनिटं हा आरडाओरडा, मग चिगुसा हात टेकेल, आपण उद्या घरी जाऊ, शस्त्रक्रिया राहील, आणि संध्याकाळचा पाऊण तास आपला तो आपलाच. असं त्यांच्या मनात आलं, अगदी स्वच्छ आलं, आणि त्यांची त्यांनाच शिसारी आली.

त्यांनी मान वर केली आणि भिंतीवरच्या त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून, बांधकामावर ओरडावं तसे ओरडले.

"चिगुसा! आधी पाय!"

पलीकडे एकदम शांतता.

"बाबा, अहो लोक बघतायत..."

"गप रे! चिगुसा, ऐकू येतंय का?"

"हो, हो बाबा!"

"डोक्यावर पाणी घालू नकोस! आधी पाय! पाय बादलीत बुडव आणि नुसती बस, काही करू नकोस! तिला पाणी ओळखू दे! मग घोटे, मग गुडघे! प्रत्येक वेळी आधी सांग, मग हात लाव! गुडघे आले, म्हण! पाठ आली, म्हण! न सांगता लावलास तर चावेल!"

"हो!"

"केस शेवटी! कपाळावर आडवा हात धर, छपरासारखा! आणि डावा कान सांभाळ, त्यात पाणी गेलेलं तिला खपत नाही!"

एवढं बोलून त्यांना धाप लागली. तीन वर्षांत हात जे शिकले होते, ते सगळं अर्ध्या मिनिटात भिंतीपलीकडे जाऊन पडलं होतं. सांगून येत नाही म्हणे. तांदूळवाला कुंडातून डोळे विस्फारून बघत होता.

पलीकडून हळू आवाज येऊ लागला. "पाय आले हं, आई." मग बराच वेळ काही नाही. "घोटे आले." पाण्याची बारीक खळखळ. "आता गुडघे."

फुसाए अजून मुसमुसत होती. तोकुजींच्या तोंडून नकळत हाक गेली, त्यांनी ठरवली नव्हती.

"फुसाए! निघतो गं मी!"

नवीन लग्न झालं तेव्हा कावागुचीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीला न्हाणीघर नव्हतं. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक न्हाणीत दोघं जायची, ते या बाजूला, ती त्या बाजूला, मध्ये अशीच अर्धवट भिंत. साबण एकच. तोकुजी अंग चोळून झालं की वडी भिंतीवरून पलीकडे टाकायचे. आणि कुंडातून बाहेर पडताना ही हाक द्यायचे, म्हणजे तिने आवरतं घ्यावं. ती कधीच घ्यायची नाही.

भिंतीपलीकडे मुसमुसणं थांबलं.

"थांबा की जरा!" फुसाएचा आवाज आला, चांगला ठसक्यातला, तिशीतल्या बाईचा. "माझे केस राहिलेत! आणि ओल्या डोक्यानं वाऱ्यात उभे राहू नका, मागच्यासारखा खोकला घेऊन बसाल!"

कुंडातले सगळे खो खो हसले. "ऐका, ऐका, हुकूम आलाय," तांदूळवाला म्हणाला. यासुहिको हसला नाही. त्याने चेहऱ्यावर पाणी मारलं आणि बराच वेळ मारत राहिला.

बाहेरच्या बाकावर तोकुजी डोकं खसाखसा पुसून बसले. शेजारी थंड दुधाच्या काचेच्या बाटल्यांचं कपाट होतं. त्यांनी एक बाटली घेतली. कावागुचीच्या दिवसांत ती दोघांत एकच घेत असत. आधी फुसाए प्यायची, बरोबर निम्म्यावर अंगठा टेकवून थांबायची, आणि न बघताच बाटली त्यांच्याकडे करायची.

पडदा हलला. फुसाए बाहेर आली, गाल लाल, केस चापूनचोपून वर बांधलेले. मागून चिगुसा. तिच्या हातावर नखांचे ओरखडे होते, आणि ती रडून हसत होती की हसून रडत होती ते कळत नव्हतं.

"जमलं, बाबा," ती म्हणाली.

"हं," तोकुजी म्हणाले.

फुसाएने बाटली घेतली, निम्मी प्यायली, अंगठा टेकवला, आणि समोर बघत बघतच बाटली नवऱ्याकडे केली. तोकुजींनी उरलेली प्यायली. आपलं काहीच गेलेलं नाही, असं त्यांना वाटलं, आणि जेवणात त्यांनी यासुहिकोच्या वाट्याचा मासाही खाऊन टाकला.

जेवण वाढताना सराईच्या मालकीणबाई सगळ्यांना सांगून गेल्या, "रात्री आम्ही पडदे बदलतो हं. आजची बायकांची न्हाणी उद्या सकाळी पुरुषांची, आणि पुरुषांची ती बायकांची. म्हणजे दोन्हीकडचं पाणी सगळ्यांच्या अंगाला लागतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. फुसाएनेही डोलावली.

सकाळी उजाडता उजाडता तोकुजी जागे झाले, तर शेजारचं अंथरूण रिकामं. पांघरूण नीट घडी करून ठेवलेलं.

बाहेर डोंगर, दरी, उकळत्या पाण्याचे झरे, आणि हिला घराचा रस्ता आठवत नाही. यासुहिकोला उठवायलाही न थांबता ते भिंत धरत धरत बोळातून निघाले. कोपऱ्यावर वळले आणि थांबले. न्हाणीच्या दारात तिच्या सपाता होत्या. एकमेकींना चिकटून, टाचा आतल्या बाजूला, जशा तिने जन्मभर लावल्या तशा. काल संध्याकाळी याच दारातून ती आत गेली होती. स्वतःहून वाट शोधत आली होती ती. पण आता दारावर निळा पडदा होता.

तोकुजी आत शिरले.

फुसाए नळासमोरच्या स्टुलावर बसली होती. अंगावरचा झगा बाहेर टोपलीत घडी करून ठेवलेला, मांडीवर पंचा, दोन्ही पाय जुळवून पुढे केलेले. कुंडात दोन पुरुष तिच्याकडे पाठ करून, भिंतीला जवळजवळ नाक लावून बसले होते. त्यांतली एक पाठ गोलमटोल होती.

"कोण आलंय?" ती पाठ म्हणाली. "पुरुष असाल तर कृपा करा, बाईंना काहीतरी सांगा. अर्धा तास झाला. आमची अंडी उकडली इथं!"

"माफ करा. माझी बायको आहे."

"असं होय, कालचे तुम्ही! छे छे, माफी कसली. आम्ही आपले भिंत बघतोय. छान भिंत आहे."

तोकुजी फुसाएसमोर जमिनीवर बसले. बादली भरली, हात घालून पाणी पाहिलं. "चल," ते म्हणाले. "पाय आले हं."

फुसाएने पाय मागे घेतले.

"तुम्ही नको," ती अदबीने म्हणाली. "तुम्ही कशाला त्रास घेता? ती मुलगी येईल."

"कोण मुलगी?"

"आहे एक. ती बरोबर पायापासून सुरू करते." तिने जरा विचार केला. "फार चांगले हात आहेत तिचे. तिच्यासाठीच बसलेय मी."

तोकुजी ओल्या जमिनीवर बसून राहिले. बादलीतलं पाणी निवत होतं. आत काहीतरी तुटल्यासारखं त्यांना झालं, हे खरं. पण त्याच्याच पाठोपाठ असं वाटलं की गेली तीन वर्षं छातीवर ठेवलेलं एक ओझं कुणीतरी अलगद उचललं आहे. आपण नसू तेव्हा हिचं काय, म्हणून किती रात्री ते जागे राहिले होते. आणि ही तर वाट बघत बसली आहे. दुसऱ्या कुणाची तरी, आनंदाने.

"बोलावतो तिला," ते म्हणाले, आणि स्टुलाचा आधार घेत उठले.

चिगुसा खोलीच्या दारातच भेटली. सासूबाई जागेवर नाहीत हे बघून घाबरीघुबरी होऊन निघालेली.

"न्हाणीत आहे ती. कालच्याच. तुला बोलावलंय."

"मला? नाव घेतलं माझं?"

"नाव नाही आठवत तिला. बरोबर पायापासून सुरू करणारी मुलगी म्हणाली."

चिगुसाने तोंडावर हात ठेवला. तोकुजींनी दोन्ही हात मांड्यांवर सरळ ठेवले आणि ते सुनेपुढे कंबरेत वाकले. एरवी काम देणाऱ्या घरमालकापुढेही वाकत नसत इतके.

"सोळा वर्षांत तुझ्याशी मी कधी धड दोन शब्द बोललो नाही. तू विचारलंस तेव्हाही मुद्दाम सांगितलं नाही. ती माझ्याचकडे राहावी म्हणून. तू या घरात आलीस हे आमचं नशीब, चिगुसा. फार उपकार झाले."

"बाबा, सरळ व्हा, सरळ व्हा आधी! हे काय? आणि आत्ता? आई तिकडं गारठतायत ना!"

"हो, ते पण आहे," तोकुजी म्हणाले आणि सरळ झाले.

बोळात मालकीणबाई झाडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, खराटा भिंतीला टेकवला आणि एक शब्दही न विचारता लाल पडदा आणून तोकुजींच्या हातात दिला. निळा पडदा तोकुजींनी स्वतः काढला. दोघे उकडलेले पुरुष डोळ्यांवर पंचा धरून, एकमेकांवर आपटत बाहेर आले.

"काही पाहिलं नाही हं," तांदूळवाला म्हणाला. "फरशा तेवढ्या पाहिल्या. कुणी बसवल्यात हो, फार सुबक काम!"

"सांधे वाकडे आहेत," तोकुजी म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण पक्कं आहे काम. टिकेल."

चिगुसा आत गेली. तोकुजी लाल पडद्यापाशी बाकावर बसले. आतून ऐकू येत होतं, "पाय आले हं, आई." मग पाण्याची बारीक खळखळ. मग फुसाए काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. काय बोलली ते कळलं नाही. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराच्या माथ्यावर ऊन आलं होतं. तोकुजींनी आजवर ठरवलं नव्हतं ते आता ठरवून टाकलं. तिसरी तारीख ढकलायची नाही.

त्यांनी कपाटातून दुधाची एक बाटली घेतली आणि झाकण काढून तयार ठेवली.

दोघी बाहेर आल्या. फुसाएने बाटली घेतली, प्यायली, निम्म्यावर अंगठा टेकवून थांबली. तोकुजींचा हात सवयीने पुढे झाला. फुसाएने समोर बघत बघतच बाटली दुसऱ्या बाजूला केली, चिगुसाकडे.

चिगुसाने सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा, ही तुमची."

"तुला दिलीय तिनं," तोकुजी म्हणाले. "पी."

तिने हळूहळू सगळी प्यायली. तोकुजींनी तिच्या हातातून रिकामी बाटली घेतली, नळाखाली धुतली आणि खोक्यात उलटी ठेवली. मग लाल पडदा उतरवून त्यांनी निळा पडदा पुन्हा लावला, आणि दोन्ही टोकं सारखी आली आहेत ना, हे दोन पावलं मागे सरकून पाहिलं.